वहिनींच्या छातीतली झडप

मित्रांनो, मी एक काळी, जुनी, कामावरून काढून टाकलेली झडप आहे. दाराला असते तसली नव्हे. माणसाच्या काळजाला बसवतात तसली. झडप कशी काय बोलते, असं तुमच्यातला एखादा दीडशहाणा विचारेलच. त्याला सांगा, की तीन वर्षं जिने दिवसातून लाखभर वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, तिला बोलायचा सराव नसेल तर कुणाला असेल?

लोक मला धातूची समजतात. मी कोळशाच्या कुळातली. तांब्याचं पाणी होईल अशा भट्टीत माझ्यावर थरावर थर चढले. अर्ध्या चंद्राच्या दोन पाकळ्या, त्यांना धरणारी एक कडी आणि कडीभोवती टाके घालायला पांढऱ्या कापडाची झालर, एवढीच माझी इस्टेट. आकार कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. मला घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की अंगावर माशी बसली असती तर घसरून तिचा पाय मोडला असता. माझ्या एका बहिणीला पाण्याच्या टाकीत घालून चाळीस कोटी वेळा उघडमीट करायला लावली. बाहेर काढली तेव्हा ती केसभरही झिजली नव्हती. झिजला होता तो मोजणारा. त्याला आधी चष्मा लागला, मग टक्कल पडलं आणि शेवटचा आकडा लिहून तो थेट निवृत्त झाला.

मला डबीत, ती डबी दुसऱ्या डबीत आणि ती तिसऱ्या डबीत घालून एका मोठ्या इस्पितळाच्या कपाटात ठेवलं. तिथे मी वाट बघत बसले. कुणाची ते मला ठाऊक नव्हतं.

ती बाई एका घड्याळजीची बायको होती. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते. खाली दुकान, वर घर, मध्ये अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना. दुकानात आतल्या टेबलाशी घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा. तीस वर्षांत त्याने मान वर केली ती फक्त पडलेला स्क्रू शोधायला मान खाली घालायच्या आधी. पुढच्या फळीशी वहिनी. त्या बोलायला लागल्या की घड्याळ द्यायला आलेला माणूस घड्याळ खिशातच विसरून जायचा, आणि न्यायला आलेला दुसऱ्याचंच घेऊन जायचा. गिऱ्हाइकं घड्याळं बिघडली म्हणून येत नव्हती. वहिनींच्या गोष्टी ऐकायला यायची, आणि यायला निमित्त हवं म्हणून घड्याळं बिघडवायची. निदान असं वहिनी सांगायच्या.

लहानपणी त्यांचा घसा खूप दुखला होता, ताप आला होता, मग गुडघे आणि मनगटं सुजली होती. आठ-पंधरा दिवसांत सगळं बरं झालं. घरचे विसरले, वहिनीही विसरल्या. काळीज विसरलं नाही. त्याच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप त्या तापाने जाड झाली आणि तिचे ओठ कडेकडेने चिकटत गेले. चाळीस वर्षं गेली त्याला. आधी वहिनी अठरा पायऱ्या एका दमात चढायच्या. मग दहाव्या पायरीवर थांबायला लागल्या. मग सहाव्या आणि बाराव्या. निजताना एक उशी लागायची, त्याच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. पण बोलक्या माणसाचा रोग ओळखायला कठीण असतो. वहिनी जिन्यात थांबल्या की कुणाला तरी हाक मारून गप्पा सुरू करायच्या, म्हणजे दम लागलाय हे कळू नये.

घड्याळजीची मोठी बहीण त्याच घरात राहायची. तिला वहिनी वन्सं म्हणायच्या. वन्संचं म्हणणं, जिन्यात उभं राहून तोंडाचा पट्टा चालवायला दम असतो आणि पाण्याची बादली उचलायची म्हटली की नसतो. घड्याळजी भिंग न काढता म्हणायचा, की वजन कमी कर. वहिनींचं वजन तोवर इतकं उतरलं होतं, की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या.

रोग ओळखला तो एका गिऱ्हाइकाने. ही बाई हृदयाची डॉक्टर होती. मनगटावरचं घड्याळ मागे पडतं म्हणून ती आली, आणि वहिनींनी नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली. बाकी सगळे गोष्ट ऐकत होते. डॉक्टरीणबाई गोष्टीतल्या खाचा ऐकत होत्या. एक वाक्य तीन श्वासांत तुटत होतं. त्यांनी वहिनींना बाकावर बसवलं, पिशवीतून नळी काढली आणि छातीला लावली. अरुंद बोळातून ओझ्याची गाडी जावी तशी घरघर ऐकू आली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात पडद्यावर काळीज बघितलं. जिथून दोन बोटं सहज जावीत तिथे पेन्सिल अडकली असती.

"दहा वर्षं आधी आला असतात तर फुगा घालून दार उघडता आलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता कडक झालंय. बदलावंच लागेल."

घड्याळजीने विचारलं, सुटे भाग मिळतात का. मित्रांनो, तो थट्टा करत नव्हता.

आणि माझी पाळी आली. वहिनींच्या छातीचं हाड मधोमध उघडलं, काळीज थांबवलं, त्याचं काम तेवढा वेळ एका यंत्राला दिलं. जुनी झडप कापून काढली. ती वाळलेल्या चामड्यासारखी झाली होती. तिच्या जागी माझी झालर टाक्या-टाक्याने शिवली. मग काळीज पुन्हा सुरू झालं, रक्ताचा लोट आला, मी उघडले, मिटले, आणि माझ्या आयुष्यातला पहिला आवाज निघाला. टिक.

मला डोळे नव्हते, पण छातीच्या आत बसलेल्याला घरभरचं ऐकू येतं. आणि जे ऐकू येत नाही ते ठोक्यावरून कळतं. घरी जाण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवतं. झडप चांगली आहे, पण रक्ताला ती परकी आहे. संधी मिळाली की रक्त तिच्यावर गोठणार. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. गोळी कमी-जास्त करायची ती फक्त त्या सांगतील तेव्हा. आणि शेवटचं, बोट वर करून:

"हिचा आवाज हीच हिची तब्येत. आवाज मंद झाला, बंद झाला, तर त्याच क्षणी उठून यायचं. हातातलं काम टाकून."

घड्याळजी मान डोलवत होता. पण त्याचं लक्ष शब्दांकडे नव्हतं. त्याने बायकोच्या छातीजवळ कान नेला होता आणि तो माझी चाल ऐकत होता. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि हा माणूस बायकोच्या छातीला पहिल्यांदा कान लावत होता. वहिनींचा ठोका तेव्हा कसा उडाला ते मला विचारा. मी त्याच्या दारातच होते.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. गल्लीतली माणसं वहिनींच्या जवळ येऊन कान लावायची. वहिनी सांगायच्या, की माझ्याशी भांडताना सांभाळा, आत टाइमबॉम्ब आहे. त्या अठरा पायऱ्या एका दमात चढायच्या, आणि वर पोचल्यावर मुद्दाम वन्संना हाक मारायच्या. घड्याळजी रोज सकाळी चहाआधी त्यांना खुर्चीवर बसवून घड्याळाची चाल मोजायचं यंत्र छातीला लावायचा. त्या यंत्राला त्याच्या आयुष्यात एवढं वाईट घड्याळ भेटलं नव्हतं. वहिनींच्या काळजाचा ठेका जुन्या दुखण्याने बेशिस्त झाला होता; दोन ठोके भरभर, एक उशिरा. घड्याळजी कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, की चाल बसवली पाहिजे.

कौतुक फार दिवस टिकत नाही. आधी वन्संना माझा त्रास व्हायला लागला. दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या की शेजारच्या खोलीतून मी. टिक, टिक. वन्सं म्हणायच्या, की एवढी घड्याळं या घरात, सगळ्यांना किल्ली न देता बंद ठेवता येतं, हिला ती सोय नाही. त्यांनी कानात कापूस घातला, मग उशी कानावर घेतली, मग भावाच्या मागे लकडा लावला, की तू एवढा कारागीर म्हणवतोस, तुला बायकोचा आवाज कमी करता येत नाही?

हे त्याला लागलं.

त्याच सुमारास वहिनींच्या हिरड्यांतून दात घासताना रक्त यायला लागलं, आणि टेबलाचा कोपरा लागला की दंडावर निळा डाग पडायचा. हे डॉक्टरला सांगायचं होतं, एवढंच. एक चिमूटभर फरक, एक तपासणी, की झालं. पण घड्याळजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घड्याळात तेल किती घालावं, यावर त्याचं आणि जगाचं कायम भांडण होतं. तो म्हणायचा, की घड्याळं तेलावाचून मरत नाहीत, तेलाने मरतात. जास्त तेल पसरतं, धूळ धरतं, चाल जड होते, आवाज वाढतो. हाताखालून गेलेली दहा हजार घड्याळं त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होती.

"अगं, ही गोळी म्हणजे तेल," तो म्हणाला. "जास्त झालंय. म्हणून बाहेर येतंय."

"अहो, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"त्यांनी कधी घड्याळ उघडलंय?"

गोळ्यांची बाटली जिन्याखालच्या कपाटातून त्याच्या टेबलावर आली. डोळ्याला भिंग, हातात पातं. गोळी तो अशी कापायचा की दोन्ही अर्ध्यांत कणाचाही फरक नसायचा. अर्ध्याची पाव झाली. मग पाव गोळी एक दिवसाआड. रक्त तपासायला जाण्याचा दिवस आला की दुकानात काम असायचं. आणि आकड्याची गरज काय, माझा कान आहे ना, असं तो म्हणायचा.

वहिनी मूर्ख नव्हत्या, मित्रांनो. मग त्यांनी हे का चालवून घेतलं? मी आतून ऐकलंय, म्हणून सांगते. रोज सकाळी तो माणूस त्यांच्या समोर गुडघ्यावर बसायचा, छातीला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. तीस वर्षं ज्याने भिंगावरून नजर काढून बायकोकडे पाहिलं नाही तो आता तिच्यासाठी गोळ्या कापत होता. त्यांना ते प्रेम वाटलं. प्रेमच होतं ते, मी नाकारत नाही. पण त्याने माझं बिजागर चिकटायला लागलं.

आधी एक धागा. रक्ताचा, कोळिष्टकाच्या तंतूइतका. मी तो झटकला. दुसरा आला, तो नाही सुटला. त्यावर तिसरा. माझ्या उजव्या पाकळीच्या सांध्याशी चिकट गाळ साचायला लागला, आणि मी गुळगुळीतपणाची एवढी घमेंड मारणारी, मला स्वतःची पाकळी पूर्ण उघडता येईना. टिकचा आवाज बोथट झाला. मी जिवाच्या आकांताने आपटत होते, आणि बाहेर जात होती ती फक्त कुजबुज. शेवटी उजवी पाकळी मिटली ती मिटलीच. डावी अर्धीमुर्धी हलत राहिली. पण तिला आवाज उरला नव्हता.

घरात आनंदीआनंद झाला. वन्संनी तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप पुरी केली आणि उठून भावाच्या पाठीवरून हात फिरवला. घड्याळजी गिऱ्हाइकांना बोलावून वहिनींच्या छातीशी कान लावायला लावायचा. काही ऐकू येत नाही ना? रुळलं आता यंत्र, तो सांगायचा. लोक म्हणायचे, हाताला गुण आहे हो तुमच्या. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तर विचारलं, की माझ्या बायकोचाही आवाज जरा जास्त आहे, काही होईल का? सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण हसू अर्ध्यावर तुटलं, कारण पुढच्या श्वासाला आत जागा नव्हती.

वहिनी पुन्हा दहाव्या पायरीवर थांबायला लागल्या. तीन उश्या परत आल्या. घोटे सुजले. त्यांनी एकदा घड्याळजीला सांगून पाहिलं. तो इतका खूश होता, की त्यांना पुढचं बोलवेना. तो म्हणाला, सवय मोडायला वेळ लागतो.

एका सकाळी अकरा वाजता दुकानातला फोन वाजला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली नर्स होती. वहिनींची चार महिन्यांची तपासणी चुकली होती, म्हणून. घड्याळजीने तिला अभिमानाने सांगितलं, की आता तपासणीची गरजच नाही, बायको ठणठणीत आहे, झडपेचा आवाजसुद्धा पार गेला.



"काका, नीट ऐका," नर्स म्हणाली. "आत्ता निघा. गाडी मिळेल ती घ्या. गाडी पाठवू का आम्ही?"

घड्याळजी म्हणाला, येतो. आणि फोन ठेवून टेबलाशी परत बसला. कारण टेबलावर एक घड्याळ उघडलेलं होतं, सगळे भाग वेगवेगळ्या वाट्यांत. उघडलेलं घड्याळ अर्धवट टाकून उठायचं नाही, धूळ बसते. हे त्याला बापाने शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापाने. त्या घराण्यात कुणी लग्नातून, कुणी मयतातून उठून आलं असेल, पण उघड्या घड्याळावरून कुणी उठलं नव्हतं. त्याने हिशेब केला: तीन तास. तीन तासांत काय होतंय?

वहिनी फळीशी उभ्या होत्या. फोनवर काय बोलणं झालं ते त्याने त्यांना सांगितलं नाही. दुपारी जरा इस्पितळात जाऊन येऊ, एवढंच म्हणाला. दोनच्या सुमारास एक गिऱ्हाईक आलं. वहिनींनी दम लपवत गोष्ट सुरू केली: एका माणसाने सासूचं घड्याळ दुरुस्तीला आणलं, आणि चार वर्षं न्यायलाच आला नाही, कारण सासूने सांगितलं होतं, की घड्याळ चालू झालं की मी तुझ्याकडे राहायला येईन.

"आणि मग एक दिवस तो येतो," वहिनी म्हणाल्या, "आणि म्हणतो कसा..."

तेव्हा माझ्या उजव्या पाकळीवरून तांदळाच्या दाण्याएवढा एक कण सुटला. मी त्याला धरायचा प्रयत्न केला, असं तुम्हाला सांगू शकते. खोटं ठरेल. मी काही धरण्याच्या अवस्थेत नव्हते. तो रक्ताबरोबर वर गेला, मानेतून डोक्यात, आणि जिथे वहिनींचे शब्द राहत होते त्या दाराशी जाऊन अडकला.

गिऱ्हाईक हसायच्या तयारीत थांबलं. वहिनी ऐन रंगात अशाच थांबायच्या. ते थांबून राहिलं, हसरा चेहरा धरून. वहिनींच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली तेव्हा त्याला कळलं, की गोष्ट इथेच संपली. आत घड्याळजी शेवटचा स्क्रू पिळत होता. त्याने तो पुरा पिळला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि माझा आवाज शोधला. पडद्यावर मी दिसले: एक पाकळी मिटलेली, दुसरी तळमळणारी. गाठ विरघळवायचं औषध असतं. पण डोक्यात नुकताच घाव झालेला; ते औषध दिलं तर तिथे रक्त सुटेल. सकाळी आणलं असतं तर देता आलं असतं, असं त्या म्हणाल्या. रागावून नाही. वेळापत्रक वाचावं तसं. मग काही दिवस जेमतेम तग धरवून वहिनींची छाती पुन्हा उघडली, मला कापून काढलं, आणि माझ्या जागी प्राण्याच्या काळजाभोवतीच्या पातळ आवरणापासून बनवलेली मऊ झडप शिवली. तिला आवाज नसतो. मी मालाला नावं ठेवणार नाही. चांगली मुलगी आहे.

मी एका बाटलीत आले. आता मला सगळं दिसायला लागलं, आणि पहिलं दिसलं ते एक प्रचंड मोठं डोळ्याचं बुबुळ. घड्याळजी मला भिंगातून बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ सांगितलं, की झडपेत काही खोट नव्हती, गोळी कापल्यामुळे हे झालं. नव्या झडपेलाही, आणि त्याहून त्या बेशिस्त ठोक्यालाही, गोळी लागणारच; पूर्ण, रोज. त्याने मान डोलवली. डॉक्टरीणबाई गेल्यावर त्याने मला चिमट्याने धरून पुन्हा फिरवून बघितलं. आणि त्याला जे सापडायला हवं होतं ते सापडलं. बिजागरात जागाच कमी ठेवलीये, तो पुटपुटला. माल खराब.

मित्रांनो, तुम्ही त्याला दुष्ट म्हणाल. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. पण दुसरं जे उत्तर होतं ते घेऊन तो एक दिवसही जगला नसता, आणि जगायचं तर होतं.

आता मी दुकानात कपाटाच्या काचेआड आहे. वहिनी फळीमागे खुर्चीत असतात. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. हजार गोष्टींपैकी त्यांना एकच शब्द परत मिळालाय. अशा आजारात पुष्कळांचं असंच होतं म्हणतात; एखादाच शब्द डोहातून वर येतो. वहिनींना 'नाही' मिळाला. भूक लागली तरी नाही, पाणी हवं तरी नाही, वन्संनी केस विंचरले तर हसून नाही. वन्सं दुपारी झोपत नाहीत आता. त्या म्हणतात, घर फार शांत झालंय, झोप लागत नाही.

गिऱ्हाइकं येतात. घड्याळजी मला काढून दाखवतो आणि बिजागराची खोट समजावून सांगतो.

"नाही," खुर्चीतून वहिनी म्हणतात.

"बिचारीला तेवढा एकच शब्द उरलाय," तो गिऱ्हाइकाला सांगतो. "त्याला अर्थ नाही काही."

काल सकाळी नव्या गोळ्यांची बाटली आली. घड्याळजीने ती टेबलावर ठेवली, डोळ्याला भिंग चढवलं आणि पातं काढलं. खराब मालामुळे त्याच्या तेलाच्या हिशेबाला काही बाध आलेला नव्हता. वहिनी उठल्या. खुर्ची, फळी, भिंत असं धरत टेबलापर्यंत आल्या आणि डाव्या मुठीत त्यांनी बाटली धरली.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. अगदी हलक्या हाताने. नाजूक घड्याळ उघडावं तशी. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि घड्याळाचा पट्टा नंतर नेतो म्हणून निघून गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला जिन्यात थांबून बोलायची सवय लागली असेल तर त्यांच्या गप्पांबरोबर त्यांचा श्वासही ऐका. कुणाच्या छातीत माझी बहीण असेल तर तिच्या आवाजाचा कंटाळा करू नका, आणि ती गप्प झाली तर पेढे वाटू नका, धावत सुटा. हे सगळं लक्षात ठेवा, पण विसरलात तरी चालेल. एक मात्र करा. एखाद्या घड्याळाच्या दुकानात फळीमागे एक बाई बसलेली असेल आणि ती 'नाही' म्हणाली, तर भिंतीकडे बघू नका. तिला विचारा, काय नाही? आणि ती डाव्या हाताने दाखवेल तिकडे बघा. जमलं तर आजच जा. आज दुपारची पाव गोळी त्याने कापून ठेवली आहे.